प्लेगपासून कोविडपर्यंत : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आरोग्यसेवेचा इतिहास प्रामुख्याने रोगांचा, औषधांचा आणि थोर वैद्यकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रात्रपाळीतील परिचारिका, सलग ड्युटी करणारा निवासी डॉक्टर किंवा मृतदेह हलविणारा वॉर्डबॉय यांच्या मनावर या कामाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यात अभावानेच येतो. आला तरी 'सेवा' आणि 'त्याग' या शब्दांखाली तो झाकला जातो. प्रस्तुत लेखात १८९६ ते २०२४ या काळातील निवडक घटना, कायदे व अभ्यास यांच्या आधारे या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलत गेली, याचा आढावा घेतला आहे.

प्लेगची साथ आणि १८९७ चा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्यास सुरुवात होताच अफवा पसरल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. म्हणजेच तेथे काम करणाऱ्यांना एकीकडे संसर्गाचे भय होते, तर दुसरीकडे लोकक्षोभाचे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनाला व्यापक अधिकार दिले. कायद्यान्वये काम करणाऱ्या व्यक्तींना त्याने दिलेले संरक्षण मात्र सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल दावा न होण्यापुरतेच मर्यादित होते. त्यांची सुरक्षितता, विश्रांती वा मनःस्वास्थ्य यांविषयी कायद्यात एक शब्दही नव्हता.

याच साथीत पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. समाजाने या आत्मार्पणाला दिलेली आदराची जागा सर्वथा उचितच आहे. तथापि सावित्रीबाईंनी स्वेच्छेने स्वीकारलेली जोखीम आणि वेतनावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यावर संस्थेने लादलेली जोखीम या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद पुसला गेला की सेवेचा आदर्श हा तक्रार न करण्याचा दंडक बनतो.

ताणाची कारणमीमांसा : व्यक्ती की व्यवस्था?

कर्मचाऱ्यांच्या मानसिक ताणाचा संबंध रुग्णालयाच्या अंतर्गत रचनेशी जोडणारा एक महत्त्वाचा अभ्यास १९६० च्या सुमारास लंडनमध्ये झाला. टॅव्हिस्टॉक संस्थेच्या इझाबेल मेन्झीस यांनी एका शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांच्या कामाची पाहणी केली. तेथे एका परिचारिकेकडे एक रुग्ण संपूर्णपणे न सोपविता अनेक रुग्णांची ठरावीक कामे वाटून दिली जात. रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने वा आजाराने होई. दुःख व मृत्यू यांच्या निकट सहवासातून येणारी भीती टाळण्यासाठी संस्थेने नकळत उभारलेली ही तटबंदी होती. पण तिने भीती कमी केली नाही; उलट कामातील समाधान मात्र हिरावून घेतले. सुमारे एकतृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत आणि त्यांत गुणवान विद्यार्थिनींचाही समावेश असे.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यातील अनुभवाच्या आधारे 'बर्नआउट' ही संज्ञा मांडली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून न करता व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केली. आजाराचे उत्तर रुग्णाकडे शोधले जाते. व्यवसायजन्य घटनेचे उत्तर कामाच्या ठिकाणी शोधावे लागते.

भारतातील तरतुदी

५ जून १९९२ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवासी डॉक्टरांसाठी एकसमान योजना जारी केली. तीत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास काम, सलग १२ तासांहून अधिक ड्युटी नाही आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुटी असे निकष होते. मात्र कामाचा भार व उपलब्ध मनुष्यबळ पाहून तास ठरविण्याची मुभा वैद्यकीय अधीक्षकांना देण्यात आली. अपवादाची वाट नियमातच ठेवलेली होती.

महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचार हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरविला. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन साथीत काम करणाऱ्यांवरील हिंसा दंडनीय झाली. आर्थर रोडवरील हल्ल्यानंतर यासाठी सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला. तरीही या दोन्ही कायद्यांचा रोख बाहेरून होणाऱ्या हिंसेवर आहे. संस्थेच्या आत साचणारा थकवा त्यांच्या कक्षेत येत नाही.

तो थकवा २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाच्या अहवालात आकड्यांतून समोर आला. ऑनलाइन सर्वेक्षणात सहभागी झालेल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार आल्याचे नमूद केले. सहभाग ऐच्छिक असल्याने हे प्रमाण सरसकट सर्वांना लागू करता येणार नाही. पण ते दुर्लक्षिण्यासारखेही नाही. याच कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तास काम व एक दिवस सुटी अशी शिफारस केली. १९९२ चे ४८ तास आणि २०२४ चे ७४ तास हे दोन आकडे शेजारी ठेवले असता, मधल्या बत्तीस वर्षांत कागदावरील नियम व प्रत्यक्ष व्यवहार यांतील दरी किती रुंदावली हे वेगळे सांगावयास नको.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, आरोग्य कर्मचाऱ्याकडे आधी आदेशाचे साधन म्हणून, मग त्यागमूर्ती म्हणून आणि पुढे हल्ल्यापासून वाचवावयाचे शरीर म्हणून पाहिले गेले. त्याच्या मनाची दखल सर्वांत शेवटी घेतली गेली. समुपदेशन, योगवर्ग व हेल्पलाइन यांची उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु रिक्त पदे न भरता व पाळ्यांचे तक्ते न बदलता केवळ यांवर विसंबणे म्हणजे व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे होय. रुग्णाच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांशी बोलण्याची सवड, विश्रांतीची सुरक्षित जागा आणि पाळ्या ठरविताना कर्मचाऱ्यांचे मत विचारात घेणे, या गोष्टी सफाई कामगारांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत.

आपल्या वर्गातील अनेक मुलेमुली उद्या परिचर्या, औषधनिर्माण वा रुग्णालय प्रशासन या क्षेत्रांत जाणार आहेत. त्यांना सावित्रीबाईंची सेवा शिकविताना, सेवा करणाऱ्यालाही विसाव्याचा हक्क असतो, हेही शिकविणे ही इतिहासाच्या अध्यापकाची जबाबदारी ठरते.