पैठणहून समुद्राकडे

दिवाळीच्या सुटींत कोंकणकिनाऱ्यानें मोटारीनें जावें असें घरांत ठरलें आणि वाटेचा आराखडा करण्याचें काम माझ्याकडे आलें. मुलांचें म्हणणें, सरळ अलिबाग गांठावें. मीं पहिला थांबा पैठण मांडला, तेव्हां समुद्र सोडून हे गोदावरीकडे कोठें निघाले, असा सर्वांस प्रश्न पडला.

आपण मराठवाड्यांतील मंडळी समुद्रास परमुलूख समजतों. ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचें लिहिलें आहे. पैठणचा अकीक व तेरचें कापड गाड्यांतून भडोचला जाई. जवळचें कल्याण टाकून व्यापारी एवढ्या दूर कां जात? तोच ग्रंथकार सांगतो कीं, सत्ता पालटल्यावर कल्याणचा व्यापार अडविण्यांत आला. तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेत.

कल्याणची वाट नाणेघाटांतून उतरते. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख आहे. त्यांत यज्ञांची आणि दक्षिणेदाखल दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांची लांबलचक यादी आहे. एवढें धन कोठून आलें, हें घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाकडे पाहून समजावें. तो जकातीचा, अशी परंपरा आहे. मोटार येथून उतरत नाहीं. म्हणून माथ्यापर्यंत जाऊन परत फिरावयाचें आणि माळशेज घाटानें खालीं जावयाचें. जुन्नरची लेणीं वाटेवरच आहेत; त्यांत यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत.

पुढें चौल. पंधराव्या शतकांत रशियन व्यापारी निकितिन येथें एक घोडा घेऊन उतरला आणि तीन आठवड्यांहून अधिक चालून जुन्नरला पोंचला. तेथील सुभेदारानें त्याचा घोडाच काढून घेतला. घोडा पुढें परत मिळाला, पण बिचाऱ्याला त्यांत नफा झाला नाहीं. चौलजवळच्या कोर्लई गांवीं पोर्तुगीज मिसळलेली एक बोली अजून घरांतून बोलली जाते. ती ऐकण्यास अर्धा दिवस राखून ठेवला आहे.

खरा मुक्काम मात्र मुरुडचा. आमचें शहर 1610 मध्यें खडकी या नांवानें वसविणारा मलिक अंबर हा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्या नहरीचें पाणी शहरानें पिढ्यानपिढ्या प्यालें. जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच, आणि तें बेट मूळचें निजामशाहीचें. 1682 मध्यें संभाजीराजांनीं जंजिऱ्यास वेढा घालून मधली खाडी दगडांनीं भरून काढण्याचा उद्योग आरंभिला; पण मोंगलांची फौज कल्याणकडे उतरली आणि राजांना तें काम टाकून परतावें लागलें. त्याच वर्षीं औरंगजेब स्वतः आमच्या शहरांत येऊन दाखल झाला होता. 2023 पासून शहर राजांचें नांव धारण करितें. नांवावरून येथें पुष्कळ वाद झाले. पण वाद घालणाऱ्यांपैकीं जंजिरा किती जणांनीं पाहिला असेल, कोण जाणे!

हें सर्व जेवतांना ऐकवल्यावर धाकटीनें विचारलें, "बाबा, पोहावयास केव्हां मिळणार?" चौथ्या दिवशीं, असें मीं सांगितलें. आगरदांड्याहून मोटार फेरीबोटींत चढवून दिघीस उतरूं. तेथून दिवेआगर जवळ आहे.