लॅटिनमधली पापे, इंग्रजीतली पापे

४ डिसेंबर १६५५ रोजी इंग्लंडमधील वूस्टर शहरात आसपासचे पाळक उपास, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांसाठी एकत्र जमले. त्यांना उपदेश करण्याचे काम किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावचा पाळक रिचर्ड बॅक्स्टर याच्याकडे होते. प्रकृती बिघडल्यामुळे तो जाऊ शकला नाही. मात्र त्यासाठी केलेले लेखन वाढवून त्याने पुढच्याच वर्षी ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ हा ग्रंथ छापला. एखाद्या व्यवसायाने स्वतःचे दोष कोणासमोर आणि कोणत्या भाषेत मान्य करावेत, हा त्यातला प्रश्न मला धर्मशास्त्राच्या चर्चेहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

काळ अस्थिर होता. यादवी युद्ध होऊन गेले होते, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला होता, बिशपांची सत्ता मोडली होती आणि पाळकवर्ग पंथोपपंथांत विभागला होता. अशा वेळी बॅक्स्टरने वूस्टरशर परगण्यात वेगवेगळ्या मतांच्या पाळकांची एक स्वेच्छा संघटना उभारली. वूस्टरचा मेळावा याच मंडळींचा.

उपदेशासाठी त्याने ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले विसाव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन निवडले. हे वचनही मुळात एका निरोपाच्या बैठकीतले आहे. पौलाने इफिससच्या वडीलमंडळींना मिलेत येथे बोलावून घेतले, तेव्हा त्याने कळपाआधी त्यांना स्वतःकडे लक्ष द्यायला सांगितले. बॅक्स्टरने हा क्रम नेमका पकडला. आळस, अहंकार, धनलोभ, आपसांतली भांडणे हे दोष तो एकेक करून मोजतो आणि त्यात स्वतःलाही वगळत नाही.

आपली लक्तरे अशी वेशीवर टांगल्याने विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, हा आक्षेप त्याला अपेक्षित होता. प्रस्तावनेत त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा : पाळकांनी फक्त लॅटिनमध्ये पापे केली असती, तर मीही त्यांना लॅटिनमध्येच समज दिली असती, नाहीतर गप्प राहिलो असतो, पण ती इंग्रजीत होत असतील, तर बोलणीही इंग्रजीतच ऐकावी लागतील. ज्ञान संस्कृतात ठेवावे की प्राकृतात आणावे, हा वाद आपल्या परंपरेला घरचा आहे. आपल्याकडे संतांनी गुरुजनांच्या कोंडलेल्या ज्ञानाला लोकभाषेची वाट करून दिली. बॅक्स्टरने लोकभाषेत आणले ते गुरुजनांचे दोष. ही गोष्ट अधिक अवघड असावी, कारण ज्ञान वाटल्याने देणाऱ्याचा मान वाढतो आणि दोष सांगितल्याने तो पणाला लागतो.

मात्र नुसत्या कबुलीवर तो थांबत नाही. तिच्यातून तो आठवड्याचे वेळापत्रक काढतो. किडरमिन्स्टरच्या धर्मक्षेत्रात आठशेहून अधिक कुटुंबे होती. सोमवारी आणि मंगळवारी सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत तो आणि त्याचा साहाय्यक मिळून पंधरा-सोळा कुटुंबांना भेटत, प्रश्नोत्तरावलीच्या आधारे त्यांच्याशी बोलत. या गतीने वर्षभरात सगळे धर्मक्षेत्र पूर्ण होई. दहा वर्षे प्रवचने ऐकूनही कोरी राहिलेली माणसे अर्ध्या तासाच्या समोरासमोरच्या बोलण्यात अधिक शिकतात, असा अनुभव त्याने नोंदवला आहे. गाजलेल्या प्रवचनकाराने आपल्याच प्रवचनांच्या मर्यादेची दिलेली ही साक्ष मला सगळ्या ग्रंथात सर्वांत धाडसी वाटते.

या उपक्रमाला फार काळ मिळाला नाही. १६६० मध्ये राजेशाही परतली. १६६२ च्या एकरूपतेच्या कायद्याने पाळकांवर विहित प्रार्थनापुस्तकाची सक्ती केली. १६६० ते १६६२ या काळात सुमारे दोन हजार पाळकांना आपली पदे गमवावी लागली. हेरेफर्डचे बिशपपद नाकारणाऱ्या बॅक्स्टरला किडरमिन्स्टरची साधी जागाही परत मिळाली नाही. १६८५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, चर्चची बदनामी केल्याच्या आरोपावरून त्याला न्यायाधीश जेफ्रीजसमोर उभे राहावे लागले आणि तुरुंगवास घडला. १६९१ मध्ये तो वारला.

आत्मपरीक्षणाचे मेळावे आजही होतात. पाळकांचे होतात, शिक्षकांचे आणि डॉक्टरांचेही होतात. बहुधा ते बंद दाराआड होतात. त्यातून काही निष्पन्न झाले का, हे तपासायला बॅक्स्टरच्या ग्रंथातून दोन साधे प्रश्न घेता येतील. ज्यांचे नुकसान झाले, त्यांना कळेल अशा भाषेत दोष मान्य केले का? आणि पुढच्या सोमवारी सकाळी काय करायचे, ते ठरले का?