लॅपटॉप बंद पडला, डेटा अडकला? जुनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला अशी जोडा

जसोंडी (जि. बुऱ्हाणपूर) : लॅपटॉप एके दिवशी सुरूच होत नाही. आत मात्र खूप काही असतं. लग्नाचे फोटो, केळीच्या गाड्यांचा हिशेब, मुलांची प्रमाणपत्रं, अलीकडच्या शेताचा खसरा आणि पलीकडे रावेर तालुक्यातल्या शेताचा सात-बारा, सगळं स्कॅन करून त्याच एका मशीनमध्ये ठेवलेलं. दुरुस्तीला नेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘विंडोज नवीन टाकावी लागेल.’ इथेच थांबायला हवं. लॅपटॉप बंद पडणं वेगळं आणि त्यातली डिस्क खराब होणं वेगळं. मदरबोर्ड, स्क्रीन, चार्जिंगचा भाग किंवा विंडोज बिघडली असेल, तर डिस्क बहुतेक वेळा चांगलीच असते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी जोडता येते.

सी ड्राइव्हचा गैरसमज

‘सी उडाला तरी डी राहतो’ असं सगळीकडे सांगितलं जातं. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं मुळात सी ड्राइव्हमध्येच असतात. सी फॉरमॅट करून विंडोज टाकली की डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं गेलं. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी कॉपी, मग दुरुस्ती.

नुसती केबल लावून का चालत नाही?

मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडला की त्यातले फोटो दिसतात. मग दोन लॅपटॉप का जोडता येऊ नयेत? यूएसबीमध्ये एक बाजू मालकाची असते आणि दुसरी जोडलेल्या वस्तूची. पेनड्राइव्ह आणि मोबाईल ‘वस्तू’ होऊ शकतात. साधा विंडोज लॅपटॉप मात्र कायम मालकच राहतो. दोन्ही टोकांना जुनं चौकोनी यूएसबी असलेली साधी केबल दोन लॅपटॉपमध्ये लावली तर दोन्हीकडून वीज येते आणि पोर्ट जळू शकतो. हा प्रयोग करू नये.

ॲपलच्या मॅकमध्ये मात्र ही सोय आहे. इंटेल प्रोसेसरचा मॅक सुरू करताना ‘टी’ हे बटण दाबून धरलं की तो दुसऱ्या मॅकला बाहेरच्या डिस्कसारखा दिसतो. याला टार्गेट डिस्क मोड म्हणतात. एम-१ आणि त्यापुढच्या मॅकमध्ये पॉवर बटण दाबून धरायचं, ऑप्शन्समध्ये जायचं आणि युटिलिटीजमधून ‘शेअर डिस्क’ निवडायचं. समोर दुसरा मॅकच लागतो. मॅकची डिस्क विंडोज आपण होऊन वाचत नाही.

विंडोज लॅपटॉप : मार्ग पहिला, डिस्क काढून जोडणे

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवा आणि मग डिस्क काढा. ती ज्यात बसते त्या डबीला बाजारात एन्क्लोजर किंवा केसिंग म्हणतात. डिस्क तीन प्रकारची असू शकते :

- अडीच इंची साटा : चपटी, पत्त्यांच्या कॅटएवढी. जुन्या लॅपटॉपमध्ये हीच असते. साटा केसिंग घ्या.
- एम.२ : च्युइंगगमच्या पट्टीसारखी. हिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार दिसायला जवळपास सारखेच असतात. दोन्ही चालणारं केसिंग घेतलं तर फसगत होत नाही. शक्यतो डिस्क सोबत नेऊन दुकानात बसवून बघा.
- बोर्डवरच चिकटवलेली : काही स्वस्त लॅपटॉप आणि नवे मॅक यांत डिस्क निघतच नाही. तिथे हा मार्ग बंद.

केसिंग लावल्यावर विंडोज कधी कधी विचारते, ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?’ उत्तर नेहमी ‘कॅन्सल’. फोल्डर उघडायला परवानगी नाही असं आलं तर ‘कंटिन्यू’ दाबा. ते जुन्या यूजरच्या नावाचं कुलूप असतं, बिघाड नव्हे.

मार्ग दुसरा : पेनड्राइव्हवरून लिनक्स

लॅपटॉप चालू होतो पण विंडोज उघडत नाही, अशा वेळी स्क्रू खोलायची गरज नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट तयार करा. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबा. डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ-१२, एचपीमध्ये एफ-९. पुढे ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. जुनी डिस्क समोर दिसेल. मग दुसरी हार्ड डिस्क लावून फाईल कॉपी करा.

ती हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे ती चालते. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, म्हणून लग्नाचा व्हिडिओ अडतो.

कुलूप आणि किल्ली

नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. दुसरीकडे जोडल्यावर ती ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागते. ती त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाईलवरूनही बघता येते. अडचण तेव्हा येते, जेव्हा नवा लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिलेला असतो. किल्ली मग त्याच्या खात्यात. किल्ली नसेल तर कोणताही कारागीर डिस्क उघडू शकत नाही. म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवरच ही की कागदावर लिहून ठेवा.

कॉपी करताना काय विसरतं?

- फॉन्ट : सीमेवरचा हा खास प्रश्न. अलीकडची हिंदी कागदपत्रं कृतिदेवमध्ये, पलीकडची मराठी श्रीलिपीमध्ये टाईप केलेली असतात. फाईल नव्या मशीनवर उघडते, पण अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. फाईल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डरही सोबत घ्या.
- टॅली : प्रोग्राम कॉपी करून चालत नाही, तो नव्याने टाकावा लागतो. डेटाचं फोल्डर मात्र हवंच. टॅलीप्राइममध्ये ते बहुधा यूजर्स, मग पब्लिकच्या आत असतं.

डिस्क आवाज करत असेल तर

फिरणाऱ्या डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करणं किंवा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. हे काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

कॉपी झाल्यावर चार-पाच फाईल नव्या मशीनवर उघडून बघा, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मगच लॅपटॉप दुरुस्तीला द्या. भंगारात किंवा विक्रीला द्यायचा असेल तर डिस्क काढून घ्या, नाहीतर पूर्ण पुसा. आधार कार्ड आणि बँक पासबुकाचे स्कॅन त्यातच असतात.