साडेचार जीबी उरले

गिटलॅब डॉट कॉम ही जगभरच्या प्रोग्रामर मंडळींची रोजची जागा. कोड, त्यातल्या दोषांच्या नोंदी, त्यांवरची चर्चा, सगळं तिथे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला मुख्य डेटाबेस पुसला गेला. कंपनीने काहीही न लपवता सगळ्या नोंदी जाहीर केल्या, म्हणूनच हा घटनाक्रम मांडता येतो. वेळा यूटीसीच्या आहेत. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत.

सायंकाळी ५.२०

डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरवर वाटून देण्याचा प्रयोग चालू होता. त्यासाठी एका इंजिनिअरने मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट घेतला आणि तो स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर चढवला. असे स्नॅपशॉट एरवी २४ तासांतून एकदा आपोआप निघत. हा जास्तीचा, हाताने घेतलेला. बॅकअप म्हणून त्याच्याकडे तेव्हा कोणी पाहत नव्हतं.

सायंकाळी ७ ते रात्री ९

डेटाबेसवरचा भार एकाएकी वाढला. स्पॅम टाकणाऱ्यांचा उपद्रव असावा, असा अंदाज होता. पुढे दुसरंही एक कारण सापडलं. कोणीतरी खोडसाळपणे केलेल्या तक्रारीवरून गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं गैरवापराचं ठरवलं गेलं होतं, आणि ते सगळ्या माहितीसकट पुसण्याचं काम पार्श्वभूमीला चालू होतं.

रात्री १०

दुसरा सर्व्हर, डीबी-२, मागे पडल्याचा इशारा आला. मुख्य सर्व्हरवर, म्हणजे डीबी-१ वर, जे घडेल ते त्याने जसंच्या तसं उतरवून घ्यायचं असतं. तो सुमारे ४ जीबीने मागे होता. ज्या नोंदी त्याला हव्या होत्या त्या डीबी-१ वरून आधीच काढून टाकल्या गेल्या होत्या, आणि त्यांचं वेगळं संग्रहण केलेलं नव्हतं. आता डीबी-२ ची डेटा डिरेक्टरी रिकामी करून सगळी प्रत नव्याने उतरवणं एवढंच हातात होतं.

इथून पुढचा तास कॉन्फिगरेशनशी झगडण्यात गेला. प्रत उतरवणारं साधन म्हणालं, रेप्लिकेशनच्या, म्हणजे प्रत उतरवण्याच्या, जोडण्यांची मर्यादा कमी आहे. ती ३२ केली आणि पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, रीस्टार्ट केलं, तर ते सुरूच होईना. एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० होती, ती २,००० वर आणली तेव्हा ते उठलं. जवळजवळ वर्षभर ८,००० वरच सगळं सुरळीत चाललं होतं! मग साधन सुरू झालं, पण पडद्यावर काहीच उमटेना. खरं तर ते मुख्य सर्व्हरची वाट पाहत शांत बसलं होतं आणि तसं बसणं हा त्याचा नेहमीचा स्वभाव. गिटलॅबच्या कार्यपुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता. रात्री उशिरा, दमलेल्या माणसासमोर गप्प बसलेला पडदा किती धोक्याचा असतो, हे ज्याने सर्व्हर सांभाळले आहेत त्याला सांगायला नको.

रात्री ११ नंतर

इंजिनिअरला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांची डिरेक्टरी आड येत असावी. ती पुसायची आज्ञा त्याने दिली. एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण डीबी-२ वर नाही, डीबी-१ वर आहोत.

११.२७

पुसणं थांबवलं. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मध्यरात्रीकडे

आता बॅकअपचा शोध. या रात्रीतला सर्वांत जास्त अभ्यासण्यासारखा भाग हाच.

डेटाबेसची पूर्ण प्रत रोज ॲमेझॉनच्या एस-३ साठवणीत जायची. तिथे पाहिलं, तर काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी चूक दाखवून बंद पडत होता. हे झालं कसं? कोणती आवृत्ती वापरायची ते गिटलॅबचं पॅकेज डेटा डिरेक्टरीतली एक छोटी फाइल वाचून ठरवायचं. बॅकअपचं काम मात्र चालायचं ॲप्लिकेशन सर्व्हरवर. तिथे डेटाबेसच नाही, म्हणून ती फाइलही नाही, म्हणून पॅकेजने आपली ठरीव जुनी आवृत्ती उचलली. बॅकअप फसल्याच्या ईमेल क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या व्यवस्थेतून, निघत होत्या, पण डीमार्क या ईमेल-पडताळणीच्या नियमाप्रमाणे त्यांवर सही नव्हती आणि घेणाऱ्या मेल सर्व्हरने त्या नाकारल्या. म्हणजे बॅकअप बंद होता आणि बंद असल्याची खबरही बंद होती.

अझ्युर क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट फाइल सर्व्हरसाठी चालू होते, डेटाबेससाठी नव्हते. डीबी-२ तर आधीच रिकामा केलेला. त्या रात्रीच्या जाहीर नोंदीत गिटलॅबने लिहिलं, की बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती किंवा मुळात बसवलेलीच नव्हती.

उरला तो ५.२० चा स्नॅपशॉट.

१ फेब्रुवारी, दिवसभर

स्टेजिंगचे सर्व्हर स्वस्तातले, डिस्क संथ. डेटा सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास सरकत होता. नुसतं परत आणायला सुमारे १८ तास लागले. तेवढा वेळ गिटलॅबने यूट्यूबवर सगळं थेट दाखवलं. एका वेळी पाचेक हजार लोक पाहत होते. चाचणीतून चुकून बाहेर संदेश जाऊ नयेत म्हणून स्टेजिंगवर वेबहुक काढून टाकत, ते वेगळे आणावे लागले. हरवलेल्या नोंदींचे क्रमांक नव्यांना मिळू नयेत म्हणून सगळे अनुक्रमांक एक लाखाने पुढे ढकलले.

सायंकाळी ६ च्या सुमारास

साइट पुन्हा उघडली. कोडचे गठ्ठे आणि विकी वेगळ्या जागी होते, ते वाचले. डेटाबेसमधला जवळपास सहा तासांचा मजकूर मात्र गेला: गिटलॅबच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती.

त्या इंजिनिअरला दोषी धरणं मला पटत नाही. चुकीच्या खिडकीत आज्ञा टाइप होणं कोणाच्याही हातून घडेल आणि बॅकअप असतात ते त्याचसाठी. दोष त्या आधीच्या काळाचा, ज्यात रिकाम्या एस-३ मध्ये कोणी डोकावलं नाही आणि एकही प्रत दुसऱ्या मशीनवर उभी करून पाहिली नाही.

१० फेब्रुवारीला गिटलॅबने सविस्तर अहवाल काढला. बॅकअपची नियमित चाचणी का होत नव्हती, या प्रश्नाला त्यात एका ओळीचं उत्तर आहे: ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं. तुमच्या कार्यालयात ते कोणाच्या नावावर आहे, हे आज विचारा. आणि शेवटची प्रत परत उभी करून कधी पाहिली, त्याची तारीखही मागा.