हिमस्खलन : थरांचे शास्त्र आणि वाटसरूचा भार

डोंगरावरचा बर्फ वरून एकसंध दिसतो, पण तो थरांनी बनलेला असतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर साचतो आणि ऊन, वारा व थंडी त्याचे रूप बदलत राहतात. त्यामुळे धोका जोखताना बर्फ किती पडला याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याचे थर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत हे पाहावे लागते.

हिमस्खलनाचे मुख्य प्रकार दोन. सुटा बर्फ एका बिंदूपासून निसटतो आणि पंख्यासारखा पसरत जातो. दुसऱ्या प्रकारात एक सलग थर तडकून अख्खाच्या अख्खा घसरतो. गिर्यारोहकांचे बहुतेक बळी हा दुसरा प्रकार घेतो. त्याला वर सलग घट्ट थर, त्याखाली कच्चा थर आणि साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार लागतो. शेवटचा भार नव्या बर्फाचा असेल, वाऱ्याने आडोशाच्या बाजूला आणून टाकलेल्या बर्फाचा असेल किंवा माणसाचा. अपघातांत हा भार बहुधा सापडलेल्याचाच किंवा त्याच्या सोबत्याचा असतो.

कच्चा थर थंडीतच तयार होतो. जमिनीलगतचा बर्फ साधारणतः शून्य अंशाच्या आसपास असतो, तर निरभ्र रात्री पृष्ठभाग कितीतरी अधिक थंड होतो. दर १० सेंटीमीटरला सुमारे १ अंशाहून जास्त फरक पडला, की खालची वाफ वर सरकते आणि साखरेसारखे कोनदार, सुटे दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. बर्फाचा एकूण थर जितका पातळ, तितका हा फरक तीव्र.

म्हणूनच पीर पंजाल आणि लडाख यांना एकच नियम लावता येत नाही. पीर पंजालमध्ये बर्फ भरपूर आणि थंडी तुलनेने कमी. तिथला मोठा धोका हिमवृष्टी चालू असताना व लगेच नंतर असतो. लडाख-काराकोरममध्ये बर्फ कमी, थंडी कडक. तिथे कच्चा थर आठवडेच्या आठवडे दबा धरून राहतो. ‘बर्फ थोडाच आहे’ हा दिलासा तिथे घातक ठरतो.

सह्याद्रीत एकाने चढलेली वाट सहसा दुसऱ्यालाही पेलते. बर्फात तसे नाही. दहा जण पार झालेला उतार अकराव्याच्या पावलाखाली तुटू शकतो, कारण कच्चा थर कुठे पृष्ठभागाच्या अगदी जवळ आला आहे, हे वरून दिसत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीतील द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमस्खलनात प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मिळून २९ जण गेले. कौशल्याने बर्फावरचा भार हलका होत नाही.

मात्र काही खुणा बर्फ उघड दाखवतो : शेजारच्या उतारावरचे ताजे स्खलन, पावलाखाली येणारा ‘धप्प’ आवाज, पुढे धावत जाणारी भेग. यांपैकी एक जरी दिसली, तरी तीव्र उतार टाळावा, त्याच्या पायथ्याशीही रेंगाळू नये. उतार ओलांडणे भागच असेल तर एकेकाने ओलांडावा. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या पंधराएक मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ उरत नाही. म्हणून प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारे संकेतयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही. पण ही साधने स्खलन झाल्यानंतरची. त्याआधीचा उपाय एकच, खूण दिसताच मागे फिरणे. आणि तेवढी मोकळीक निघतानाच कार्यक्रमात ठेवली पाहिजे.