आंध्रमधील मुदतपूर्व निवडणूक (१९५५) : पेच आणि निर्णय

मुदतपूर्व निवडणुकीसंबंधी आपल्या राज्यशास्त्रीय लेखनात एक समज बराच रूढ आहे. विधिमंडळात पक्षांचे बळ समसमान झाले, मंत्रिमंडळ कोसळले आणि पर्यायी मंत्रिमंडळ बनणे अशक्य झाले म्हणजे तो पेच लोकांसमोर नेला जातो व लोक त्याचा निकाल देतात, असा हा समज आहे. घटनेच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास, ज्या प्रश्नावर मंत्रिमंडळ पडते त्याच प्रश्नावर मतदान होते काय, हा मुद्दा तपासून घ्यावा लागतो. आंध्र राज्यात १९५४ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळ पडले आणि १९५५ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. या दोन घटनांमधील काळाचा विचार केल्यास वरील समज फारसा टिकत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. पोट्टी श्रीरामुलु यांचे १५ डिसेंबर १९५२ रोजी प्रायोपवेशनात निधन झाले, आणि त्यानंतर उसळलेल्या लोकक्षोभामुळे १ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्नूल येथे राजधानी असलेले आंध्र राज्य अस्तित्वात आले. या राज्याची पहिली विधानसभा स्वतंत्रपणे निवडलेली नव्हती. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेवर निवडून गेलेले तेलुगु जिल्ह्यांतील १४० सभासद हेच तिचे सभासद झाले. त्या निवडणुकीत या भागात कम्युनिस्ट पक्षाला ४१, काँग्रेसला ४०, किसान मजदूर प्रजा पक्षाला २० आणि एन्. जी. रंगा यांच्या कृषिकार लोक पक्षाला १५ जागा मिळाल्या होत्या. उरलेल्या जागा अपक्ष व लहान गटांकडे होत्या. म्हणजे नव्या राज्याचा जन्मच कोणत्याही एका पक्षाला बहुमत नसलेल्या सभागृहात झाला. कम्युनिस्टांना सत्तेपासून दूर ठेवावयाचे तर इतरांनी एकत्र यावयास हवे होते. आणि एकत्र येण्यासाठी पुढारी असा हवा होता की जो काँग्रेसचा नसूनही काँग्रेसला चालेल. टंगुटुरी प्रकाशम् यांच्या रूपाने तो मिळाला. मद्रास प्रांताचे माजी मुख्यमंत्री असलेले हे वृद्ध नेते काँग्रेस सोडून गेले होते. त्यांनी आपला नवा पक्ष बाजूस ठेवला आणि काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुख्यमंत्री झाले.

अशा मंत्रिमंडळाला तात्त्विक विरोधापेक्षा एखाद्या व्यावहारिक प्रश्नाचाच धोका अधिक असतो. आंध्रमध्ये तो प्रश्न दारूबंदीचा निघाला. मद्रास प्रांतातील दारूबंदीचा कायदा १९३७ च्या राजगोपालाचारी मंत्रिमंडळाचा. १९४८ मध्ये तो सर्व प्रांतास लागू झाला आणि विभाजनानंतर आंध्रच्या वाट्यास आला. समुद्रकाठच्या जिल्ह्यांत ताडी काढण्यावर उपजीविका करणाऱ्या जातींचे या कायद्याने हाल झाले होते, आणि राज्याची तिजोरीही अबकारी उत्पन्नावाचून रिती होती. या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या राममूर्ती समितीने दारूबंदी उठविण्याच्या बाजूने कौल दिला. मंत्रिमंडळाने तो मानला नाही. कृषिकार लोक पक्षाचे गौतु लच्चण्णा यांनी ताडी काढणाऱ्यांची चळवळ हाती घेतली. ६ नोव्हेंबर १९५४ रोजी अविश्वासाच्या ठरावावर मतदान झाले, तेव्हा ठरावाच्या बाजूने ६९ व विरुद्ध ६८ मते पडली. एका मताने मंत्रिमंडळ गेले. १५ नोव्हेंबरला राष्ट्रपतींची राजवट आली आणि राज्यपाल चंदुलाल त्रिवेदी यांच्या हाती कारभार गेला.

येथवरचा वृत्तांत वाचून कोणाची अशी अपेक्षा होईल की, पुढील निवडणूक दारूबंदीवर लढली जाईल आणि मंत्रिमंडळ पाडणारे एका बाजूस व ते राखणारे दुसऱ्या बाजूस उभे राहतील. प्रत्यक्षात तसे घडले नाही. ६ नोव्हेंबर ते मतदानाचा दिवस ११ फेब्रुवारी, या ९७ दिवसांत पक्षांची सारी मांडणी बदलली. ठरावाच्या बाजूची ६९ मते ही पाडणाऱ्यांची बेरीज होती; राज्य चालविणाऱ्यांची बेरीज ती नव्हती. निवडणूक अटळ झाली तेव्हा हा फरक उघड झाला. कृषिकार लोक पक्ष, प्रकाशम् यांचा प्रजा पक्ष आणि काँग्रेस यांनी संयुक्त आघाडी उभारली व बहुतेक मतदारसंघांत कम्युनिस्टांसमोर आपला एकच उमेदवार दिला. ज्यांनी प्रकाशम् यांना खाली खेचले आणि ज्यांना खाली खेचले गेले, ते दोघेही तीन महिन्यांच्या आत एकाच आघाडीतून मते मागत होते. पुढे सत्तेवर आलेल्या मंत्रिमंडळात स्वतः लच्चण्णा यांनाही मंत्रिपद मिळाले. यास केवळ संधिसाधूपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तेवढ्याने ऐतिहासिक स्पष्टीकरण होत नाही. सभागृहात प्रश्न होता, हे मंत्रिमंडळ राहावे काय. निवडणुकीत प्रश्न झाला, यानंतर कोण येणार. दुसऱ्या प्रश्नाने पहिल्यास गिळून टाकले.

आघाडी उभी राहणे ही एक गोष्ट, ती यशस्वी होणे ही दुसरी. या कामी काँग्रेसने मुंबईचे स. का. पाटील यांना संघटक म्हणून आंध्रमध्ये पाठविले. मुंबई शहरातील काँग्रेसचे तंत्र ज्यांना ठाऊक होते त्यांना या निवडीचे आश्चर्य वाटले नसावे. पंतप्रधान नेहरूंनी राज्यात दौरा केला. जानेवारी १९५५ मध्ये आंध्रच्या सीमेपासून दूर नसलेल्या आवडी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. त्याच सुमारास मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने नेहरूंच्या परराष्ट्रनीतीची प्रशंसा केली, आणि काँग्रेसच्या प्रचारकांनी ती खेडोपाडी पोहोचविली. कम्युनिस्टांच्या हातातील दोन मुख्य शस्त्रे, समाजवाद आणि सोव्हिएट मैत्री, प्रतिपक्षाच्या हाती गेली.

निकालाचे आकडे ध्यानपूर्वक वाचण्यासारखे आहेत. नव्या मतदारसंघरचनेनुसार विधानसभेच्या १९६ जागा होत्या. काँग्रेसला ११९, कृषिकार लोक पक्षाला २२ व प्रजा पक्षाला ५, म्हणजे आघाडीस एकूण १४६ जागा मिळाल्या. प्रजा समाजवादी पक्षाला १३ आणि कम्युनिस्टांना अवघ्या १५. तथापि कम्युनिस्टांच्या मतांचे प्रमाण १९५२ मध्ये सुमारे २२ टक्के होते ते ३१ टक्क्यांवर गेले होते. मते वाढली आणि जागा कोसळल्या. यातील काही वाढ अधिक जागा लढविल्यामुळे झाली, हे मान्य केले पाहिजे. १९५२ मध्ये पक्षाने निवडक जागा लढविल्या होत्या, या वेळी १६९ लढविल्या. परंतु मुख्य कारण निराळे आहे. १९५२ मध्ये विरोधी मते विखुरलेली असल्याने थोड्या मतांत जागा मिळत. १९५५ मध्ये ती मते एकवटली आणि आघाडीची मते एकूण मतांच्या जवळजवळ निम्मी झाली.

सेलिग हॅरिसन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात या निवडणुकीचा अर्थ जातींच्या संदर्भात लावला आहे. कम्म जातीतील सधन शेतकरी कम्युनिस्टांचा आधार होते, आणि रंगा यांच्यासारख्या कम्म नेत्यामुळे तो आधार दुभंगला, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. हे विवेचन मोलाचे आहे. मात्र ते पुरेसे नाही. जातीची रचना १९५२ मध्येही तीच होती व रंगाही तेव्हा राजकारणात होतेच. ९७ दिवसांत बदलली ती जात नव्हे, पक्षांची मांडणी. आणि ती बदलण्यास निवडणुकीची निकटता कारणीभूत झाली.

या निष्कर्षास केरळचा आधार मिळतो. १९५७ मध्ये तेथे सुमारे ३५ टक्के मतांवर १२६ पैकी ६० जागा मिळवून कम्युनिस्ट सत्तेवर आले. ३१ जुलै १९५९ रोजी ते मंत्रिमंडळ बरखास्त झाले आणि १ फेब्रुवारी १९६० रोजी निवडणूक झाली. पक्षाची मते ३९ टक्क्यांवर गेली, जागा मात्र २९ उरल्या. कारण काँग्रेस, प्रजा समाजवादी पक्ष व मुस्लिम लीग यांनी हातमिळवणी केली होती. दोन्ही राज्यांतील परिस्थिती पुष्कळ अंशी भिन्न होती. आंध्रमध्ये मंत्रिमंडळ सभागृहात पडले, केरळमध्ये ते केंद्राने दूर केले. असे असूनही निवडणुकीपूर्वीच्या मध्यंतरात घडलेली प्रक्रिया दोन्हीकडे सारखी दिसते.

मध्यंतरात जुळलेल्या या आघाड्या टिकाऊ ठरत नाहीत, हेही येथे नमूद करावयास हवे. रंगा १९५५ मध्ये काँग्रेसमध्ये परतले खरे, पण १९५९ मध्ये ते स्वतंत्र पक्षाचे संस्थापक अध्यक्ष झाले. बेझवाडा गोपाल रेड्डी यांचे मंत्रिमंडळ २८ मार्च १९५५ रोजी अधिकारावर आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेशाची निर्मिती होताच नीलम संजीव रेड्डी मुख्यमंत्री झाले.

यावरून अभ्यासकांनी एक पथ्य पाळावे असे वाटते. प्रांतिक राजकारणातील कोणत्याही मुदतपूर्व निवडणुकीचा निकाल वाचताना, मंत्रिमंडळ का पडले याचा वृत्तांत आणि निवडणूक कशी लढली गेली याचा वृत्तांत यांची एकमेकांत सरमिसळ करू नये. आंध्रच्या मतदारांनी ताडीच्या प्रश्नावर निकाल दिला, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांना तो प्रश्न त्या रूपात विचारलाच गेला नव्हता. ज्यांनी तो प्रश्न उपस्थित करून मंत्रिमंडळ पाडले त्यांनीच मतदारांपुढे दुसरा प्रश्न ठेवला. लोकमताचा कौल म्हणून आपण जो आकडा उद्धृत करतो, त्यामागे प्रश्न कोणी व केव्हा बदलला याचा शोध घेणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम आहे.