गादीखालच्या स्प्रिंगपासून डबल शॉकरपर्यंत

सायकलला स्प्रिंग हवी, ही गोष्ट परभणी जिल्ह्याला जाहिरातींनी शिकवलेली नाही. ती इथल्या रस्त्यांनी शिकवली. आमचं सायकलचं दुकान आधी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी चालवलं, आता मी चालवते. दहावीचा निकाल लागला की पोरं आईबापांना घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, डबल शॉकर घ्यावी का?" याचं उत्तर नीट द्यायचं तर मला जुन्या काळ्या सायकलीपासून सुरुवात करावी लागते.

निजामाच्या राज्यात परभणीला सायकल आली ती रेल्वेनं. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाईन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली होती. मुंबई बंदरात उतरलेला इंग्लंडचा माल, म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले नाहीतर बर्मिंगहॅमची हर्क्युलस, या वाटेनं संस्थानात शिरायचा. वेशीवर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, भरावी लागे. इकडे लोकांचा पगार हाली सिक्क्यात, म्हणजे संस्थानच्या स्वतःच्या नाण्यात. एवढं सगळं चुकतं करून सायकल बाळगणारा माणूस वकील असायचा, नाहीतर बऱ्यापैकी सरकारी नोकर. अण्णा ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकले, ते सांगायचे की गिऱ्हाईक सायकल सोडून घरी जात नसे. छर्रे मोजून परत बसेपर्यंत समोर उभं राहायचं.

ती सायकल एकदा नीट निरखून बघा. चाकं २८ इंची, टायर दीड इंची, पुढचा चिमटा खालच्या टोकाला चांगलाच पुढे वळवलेला, आणि कातडी गादीखाली जाड तारेच्या दोन स्प्रिंगा. यातलं काहीच उगीच नाही. मोठं चाक लहान खड्ड्यात पुरतं उतरत नाही. वळवलेला चिमटा दगडावर किंचित लवतो. त्यातूनही जो हादरा वर येतो तो गादी पोटात घेते. वजन वीस किलोच्या घरात, ब्रेक रॉडचे, पण कॅरिअरवर ज्वारीचं पोतं बांधून माणूस गंगाखेडच्या बाजारातून गावी पोचायचा. परभणीतलं पहिलं सस्पेन्शन म्हणाल तर ती गादीच, आणि ते फार विचारानं केलेलं होतं असं मी मानते.

पावसाळ्यात मात्र हादऱ्यांचा प्रश्नच नसे. गोदावरी-पूर्णेच्या काठची ही काळी, चिकट माती. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे ठासून बसतो आणि चाक जागेवर जाम होतं. कोणी काडीनं खरवडत दहा पावलं पुढे जाई, परत थांबे. शहाणा शेतकरी पाऊस लागायच्या आधीच मडगार्ड काढून घरात टांगून ठेवी. आज डोंगरातल्या महागड्या सायकलींना टायरभोवती दोन बोटं मोकळी जागा सोडलेली दिसते, त्याचं कारण हेच आहे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली आणि त्या खडीचे रस्ते झाले. गावं जोडली गेली, शाळेला, दवाखान्याला वाट झाली, याचं मोल मोठं आहे. पण डांबर पडायला अनेक ठिकाणी वर्षं गेली, आणि तोवर सायकलीनं सुटी खडी खाल्ली. पूर्वी चिखल चाक अडवायचा, आता खडी तारा तोडू लागली. तोवर विलायती सायकली जाऊन लुधियानाची हीरो, सोनीपतची ॲटलास आणि मद्रासजवळ अंबत्तूरला बनलेली हर्क्युलस घरोघर आली होती. अण्णांच्या संध्याकाळी चाकांचे आऊट काढण्यात जायच्या. चाक चिमट्यात बसवून फिरवायचं, रिमेजवळ खडू धरायचा, जिथं पांढरी खूण उमटेल तिथं समोरच्या बाजूची तार कसायची, त्याच बाजूची किंचित सोडायची. घाई करणाऱ्याच्या हातून रिम आठ आकड्यासारखी होते. मी हे काम त्यांच्या शेजारी बसून शिकले आणि अजूनही यंत्राविना करते.

साधारण याच काळात तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगरावर, काही तरुण १९३० च्या दशकातल्या जाड टायरच्या भंगार सायकली उतारावरून सोडत होते. १९७६ साली त्यांनी शर्यत सुरू केली. पॅडल उलटं मारून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला नवं भरावं लागे. जो ब्रीझ यानं १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बनवली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीनं स्टंपजम्पर बाजारात आणली, १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा पहिला तेल-हवेचा पुढचा चिमटा आला. मागचं सस्पेन्शन त्यानंतर काही वर्षांत रुळलं. यातला कळीचा भाग स्प्रिंग नव्हे, तेल आहे. स्प्रिंग दबते आणि तेवढ्याच जोरानं उसळते. छोट्या भोकातून सरकणारं तेल ती उसळी शमवतं.

हे कळलं की दहा-बारा हजारांच्या डबल शॉकरचा हिशोब सोपा होतो. १९९० नंतर सरळ हँडलची रेंजर आली, तिच्या मागोमाग ही आली. सीटखाली लाल-पिवळी स्प्रिंग असते, पण बहुतेकींत तेल नसतं. पोरगं जितक्या जोरानं पॅडल मारतं, तितकी सायकल खालीवर नाचते आणि पायातला जोर स्प्रिंगेत जिरतो. मागच्या सांध्यात साधी बूश असते. एक-दोन पावसाळ्यांत ती झिजते आणि मागचं चाक डावं-उजवं डुलायला लागतं. वजन जुन्या काळ्या सायकलीएवढंच, पण ना ती गादी, ना ते कॅरिअर. याउलट, राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. त्यात थोडी भर घालून साधी, मजबूत सायकल घेणारी मुलगी रोज वेळेवर शाळेत पोचते. शॉकरवाल्या पोरांच्या सायकली मात्र माझ्या दुकानात उलट्या टांगलेल्या असतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो पैसा कापसाचा, सोयाबीनचा असतो.

ज्याला जिंतूरकडे नेमगिरीच्या डोंगरात, येलदरीच्या बाजूच्या माळावर खरोखर सायकल उतरवायची आहे, त्याला मात्र मी नाही म्हणत नाही. खरी फुल सस्पेन्शन नवी घ्यायची तर लाखाच्या पुढे जावं लागतं. चांगली वापरलेली त्याहून खाली मिळू शकते. मागे हवेचा शॉक असावा, म्हणजे आपल्या वजनाप्रमाणे दाब भरता येतो. सायकलवर बसल्यावर शॉक त्याच्या एकूण चालीच्या पंचवीस ते तीस टक्के दबला पाहिजे. ५० मिलिमीटर चाल असेल तर साडेबारा ते पंधरा मिलिमीटर. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग किती सरकली ते बघितलं की हे मोजता येतं. मग उतरून गादी दाबा आणि सोडा. ती शांतपणे वर आली पाहिजे, उडता कामा नये. मागचं चाक वरून धरून आडवं हलवा आणि सांध्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवा. बोटाला टकटक जाणवली तर ती सायकल तिथंच ठेवा. ब्रेक तेलाचे असोत. गिअर किती यापेक्षा, मागच्या मोठ्या चकतीवर चढ चढता येतो का ते बघा.

रंग आणि स्टिकर यांच्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. तो रुपया देखभालीला लागेल. उन्हाळ्यात इथली काळी धूळ पिठासारखी बारीक उडते आणि शॉकच्या सीलमधून आत शिरते. सुमारे पन्नास तास चालवल्यावर हवेचा भाग उघडून, पुसून, नवं ग्रीस लावावं लागतं. एवढं मी दुकानात करून देते. आतल्या तेलाचं काम निघालं की शॉक पुण्याला पाठवावा लागतो आणि सायकल तोवर भिंतीला टेकून राहते. म्हणून पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला त्या शॉकचं सील किट मिळतं का ते विचारा, आणि मिळत असेल तर सायकलीबरोबरच दोन घेऊन या.